विश्लेषण : कर सल्लागाराला पासवर्ड द्यावा की परवानगी?

विवरणपत्रांचा हंगाम सुरू झाला की नाशिकमध्ये शरणपूर रोड, कॅनडा कॉर्नर, कॉलेज रोड या भागांतील कर सल्लागारांच्या कार्यालयांत गर्दी वाढते. फॉर्म १६, बँकेचे स्टेटमेंट, विम्याच्या पावत्या यांच्यासोबत ग्राहक आणखी एक गोष्ट सहज देऊन जातो, ती म्हणजे आयकर पोर्टलचा पासवर्ड. थोड्या वेळाने फोनवर ओटीपीही सांगितला जातो. अंबडमधील लघुउद्योजक, पंचवटीतील आडत्या, सराफ बाजारातील दुकानदार किंवा निवृत्त शिक्षक, साधारण सगळ्यांची रीत हीच. आपला पासवर्ड काय आहे, हे अनेकांना माहीतही नसते. तो सल्लागाराच्या संगणकातील एखाद्या एक्सेल फाइलमध्ये असतो.

ही सवय विश्वासातून आली आहे आणि बहुतेक वेळा तो विश्वास खराही ठरतो. तरीही ती मोडण्याची वेळ आली आहे. सल्लागाराला काम करण्याचा अधिकार देणे आणि त्याला आपला पासवर्ड देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वकिलाला वकीलपत्र दिले जाते, घराची किल्ली दिली जात नाही. करांच्या बाबतीतही कायद्याने वकीलपत्रासारखी सोय केलेली आहे. करदाते ती वापरत नाहीत आणि सरकारनेही, विशेषतः आयकरात, ती पुरेशी रुंद केलेली नाही.

हा प्रश्न आता ऐरणीवर का आला?

केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने जुलै २०२५ मध्ये देशभरात १५० ठिकाणी तपासणी मोहीम राबवली. खोट्या वजावटी आणि सवलती दाखवून परतावा मिळवून देणारे विवरणपत्र तयार करणारे व मध्यस्थ हे तिचे लक्ष्य होते. ज्या राज्यांत गैरप्रकार आढळल्याचे मंडळाने सांगितले, त्यांत महाराष्ट्रही होता. जादा परताव्याचे आमिष दाखवायचे आणि त्यातून कमिशन घ्यायचे, अशी या टोळ्यांची पद्धत होती. अशा दाव्यांचा लाभ घेणाऱ्यांत बहुराष्ट्रीय कंपन्या, सार्वजनिक उपक्रम, सरकारी संस्था व शैक्षणिक संस्थांतील कर्मचारी तसेच उद्योजकही असल्याचे मंडळाने नमूद केले होते. म्हणजे फसणारे सगळे अडाणी होते, असे मुळीच नाही.

त्या निवेदनातील एक तपशील सर्वाधिक बोलका आहे. हे मध्यस्थ घाऊक विवरणपत्रे भरण्यासाठी तात्पुरते ई-मेल पत्ते तयार करत आणि नंतर ते सोडून देत. त्यामुळे विभागाच्या नोटिसा न वाचताच पडून राहत. करदात्याच्या नावावर खाते होते, पण त्या खात्याची पत्रपेटी दुसऱ्याच्या ताब्यात होती. मोहिमेच्या आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी विवरणपत्रे सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतले, असेही मंडळाने सांगितले. यांतील सर्वांनाच आपल्या नावावर काय भरले गेले याची आधीपासून कल्पना होती का, हा प्रश्न उरतोच.

पासवर्ड दिल्याने नेमके काय बिघडते?

पहिली गोष्ट म्हणजे पोर्टलला माणूस ओळखता येत नाही. आलेला माणूस मालक आहे, त्याचा सल्लागार आहे की सल्लागाराकडे महिनाभरापूर्वी लागलेला मदतनीस आहे, हे त्याला कळत नाही. पासवर्ड बरोबर असला की जे काही झाले ते मालकाने केले, अशीच नोंद होते. पुढे वाद निर्माण झाला, तर 'मी हे केले नाही' असे म्हणणाऱ्या करदात्याकडे पुरावा नसतो. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा डिजिटल सही लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६-क नुसार गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण पासवर्ड मालकानेच हौसेने दिलेला असेल, तर लबाडी सिद्ध करणे सोपे राहत नाही.

दुसरी गोष्ट नोटिसांची. आयकराचे बरेचसे काम आता चेहराविरहित पद्धतीने चालते. पूर्वी गडकरी चौकातील आयकर कार्यालयातून टपालाने पत्र यायचे आणि घरातील कोणीतरी ते उघडायचे. आता पत्र पोर्टलवर आणि नोंदवलेल्या ई-मेलवर येते. विवरणपत्रातील विसंगतीबद्दल कलम १४३(१)(अ) खाली सूचना आली, तर उत्तर देण्यासाठी ३० दिवस असतात. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १६९ मध्ये नोटीस बजावण्याच्या ज्या पद्धती दिल्या आहेत, त्यांत ती पोर्टलवर उपलब्ध करून देणे ही एक पद्धत आहे. म्हणजे कागद हाती पडला नाही, हा बचाव दरवेळी चालेलच असे नाही. जीएसटीतील आदेशाविरुद्ध अपिलाची मुदत तीन महिन्यांची आहे. सबळ कारण असेल तर अपील अधिकारी आणखी एक महिना देऊ शकतो.

समजा, निफाड तालुक्यातील एका शेतमाल व्यापाऱ्याच्या जीएसटी खात्यावर सल्लागाराचा मोबाइल आणि ई-मेल नोंदवलेला आहे. दोघांत फीवरून बिनसले आणि व्यापाऱ्याने सल्लागार बदलला. जुन्या सल्लागाराच्या इनबॉक्समध्ये नोटीस येते, तो ती पाहत नाही किंवा पाहून सोडून देतो. त्याने कोणता गुन्हा केला? बहुधा कोणताच नाही. पण एकतर्फी आदेश व्यापाऱ्याविरुद्ध निघतो, वसुली त्याच्या बँक खात्यापर्यंत पोहोचते आणि तेव्हाच त्याला पहिल्यांदा प्रकरण समजते. तोवर अपिलाची मुदतही गेलेली असू शकते.

तिसरी गोष्ट दंडाची. आयकर कायदा, १९६१ च्या कलम २७०-अ नुसार उत्पन्न कमी दाखवल्यास त्यावरील कराच्या ५० टक्के दंड होतो. खोटी माहिती देऊन ते कमी दाखवले असेल, तर दंड २०० टक्के आहे. खोटी वजावट मध्यस्थाने टाकली तरी विवरणपत्र करदात्याच्या नावाने असते. परतावा व्याजासह परत करावा लागतो, दंडाची टांगती तलवार राहते आणि मध्यस्थाला दिलेले कमिशन मात्र परत येत नाही.

आयकरात अधिकृत वाट कोणती?

७ जून २०२१ रोजी सुरू झालेल्या नव्या ई-फायलिंग पोर्टलवर 'ऑथोराइज्ड पार्टनर्स' नावाचा मेनू आहे. अनेक करदात्यांनी तो कधी उघडलेलाही नसतो. त्यात प्रामुख्याने तीन प्रकारच्या सोयी आहेत.

पहिली 'माय चार्टर्ड अकाउंटंट'. करदाता सीएचा सदस्यत्व क्रमांक टाकून त्याला आपल्या खात्याशी जोडतो आणि लेखापरीक्षण अहवालासारखा विशिष्ट फॉर्म त्याला नेमून देतो. सीए स्वतःच्या लॉगिनमधून, स्वतःच्या डिजिटल सहीने तो फॉर्म अपलोड करतो. मग करदाता आपल्या लॉगिनमध्ये तो पाहून स्वीकारतो किंवा नाकारतो. येथे दोन माणसे, दोन चाव्या आणि दोन नोंदी आहेत. असेच असायला हवे.

दुसरी सोय 'ई-रिटर्न इंटरमिजिअरी' म्हणजे ईआरआयची. ही व्यवस्था २००७ च्या योजनेतून आली. विभागाकडे नोंदणी केलेला मध्यस्थ करदात्याला आपला ग्राहक म्हणून जोडतो. त्यासाठी करदात्याची संमती लागते आणि त्यानंतरच तो त्याच्या वतीने विवरणपत्र भरू शकतो. मोबाइलवरून विवरणपत्र भरून देणाऱ्या अनेक कंपन्या याच वाटेने काम करतात.

तिसरी सोय आहे दुसऱ्या व्यक्तीला आपल्या वतीने वागण्याचा अधिकार देण्याची. नाशिकचा मुलगा पुढे अमेरिकेत किंवा जर्मनीत नोकरीला आहे आणि गंगापूर रोडवरील फ्लॅटचे भाडे त्याच्या नावावर येते, अशी कुटुंबे आता कमी नाहीत. करदाता देशाबाहेर असेल किंवा अन्य कारणाने स्वतः सही करू शकत नसेल, तर वैध मुखत्यारपत्र असलेली व्यक्ती त्याच्या वतीने विवरणपत्राची पडताळणी करू शकते, असे कलम १४० सांगते. वडिलांनी मुलाचा पासवर्ड वहीत लिहून ठेवण्यापेक्षा ही वाट कितीतरी सुरक्षित आहे.

याखेरीज नोटिशीला उत्तर देण्यासाठी 'ई-प्रोसीडिंग' विभागात अधिकृत प्रतिनिधी जोडता येतो. कलम २८८ नुसार सीए, वकील, नातेवाईक, नियमित कर्मचारी तसेच ठरवून दिलेली शैक्षणिक पात्रता असलेले कर व्यवसायी करदात्याचे प्रतिनिधी म्हणून आयकर अधिकाऱ्यापुढे उभे राहू शकतात. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी अधिकृत प्रतिनिधी ही कल्पना कायम आहे.

जीएसटीमध्ये काय वेगळे आहे?

जीएसटीमध्ये सल्लागारासाठीचे दार अधिक स्पष्ट आहे. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा, २०१७ च्या कलम ४८ मध्ये 'जीएसटी प्रॅक्टिशनर' या नावाने हा घटक थेट कायद्यात आला. नियम ८३ मध्ये त्याची पात्रता दिली आहे. वाणिज्य, विधी किंवा व्यवसाय प्रशासनाचा पदवीधर, सीए, कंपनी सेक्रेटरी, कॉस्ट अकाउंटंट, विक्रीकर खात्यातील निवृत्त राजपत्रित अधिकारी हे ठरावीक अटींवर नोंदणी करू शकतात. अर्ज 'पीसीटी-०१' या नमुन्यात करायचा असतो. नोंदणी झाली की त्याला स्वतःचे लॉगिन मिळते.

करदाता 'पीसीटी-०५' या नमुन्यातील अधिकारपत्राने त्याला नेमतो. पोर्टलवर 'सर्व्हिसेस', त्याखाली 'युजर सर्व्हिसेस' आणि तेथे 'एंगेज/डिसएंगेज जीएसटी प्रॅक्टिशनर' असा हा रस्ता आहे. प्रॅक्टिशनरने ती नेमणूक स्वीकारली की करदात्याचे काम त्याच्या लॉगिनमध्ये दिसू लागते. करदाता एका वेळी एकच प्रॅक्टिशनर नेमू शकतो, प्रॅक्टिशनरकडे मात्र अनेक करदाते असू शकतात. नको असेल तेव्हा ही नेमणूक रद्द करता येते आणि त्यासाठी कोणाची ना हरकत घ्यावी लागत नाही.

त्याने काय करावे याचीही यादी नियमात आहे. विक्री-खरेदीचा तपशील भरणे, मासिक, तिमाही व वार्षिक विवरणपत्र भरणे, रोख खतावणीत रक्कम जमा करणे ही कामे तो करू शकतो. परतावा मागणे, नोंदणीत बदल करणे किंवा ती रद्द करणे, कंपोझिशन योजनेत जाणे किंवा बाहेर पडणे या अर्जांवर मात्र करदात्याची स्पष्ट संमती मिळाल्याशिवाय पुढे कार्यवाही होत नाही. रोजचे काम सल्लागाराने करावे, पण धंद्याचे भवितव्य ठरवणारे निर्णय मालकाच्या हातात राहावेत, हा त्यामागचा विचार शहाणपणाचा आहे. पासवर्ड देऊन टाकला की हीच भिंत पडते. मग संमतीचा ओटीपीदेखील सल्लागाराच्याच मोबाइलवर येतो.

मग चुकीची जबाबदारी कोणाची?

सल्लागार अधिकृत असला म्हणून करदाता सुटतो, असा समज करून घेऊ नये. कलम ४८ चे पोटकलम (३) याबाबत नि:संदिग्ध आहे. प्रॅक्टिशनरने भरलेल्या तपशिलाच्या अचूकतेची जबाबदारी ज्याच्या वतीने तो भरला, त्या नोंदणीकृत व्यक्तीचीच राहते.

याच संदर्भात नियम ८३ मधील आणखी एक तरतूद प्रत्येक व्यापाऱ्याने लक्षात ठेवावी. प्रॅक्टिशनरने विवरण भरले की करदात्याकडून ई-मेल किंवा एसएमएसद्वारे दुजोरा मागवला जातो. करदात्याने शेवटच्या तारखेपर्यंत उत्तर दिले नाही, तर त्याने दुजोरा दिला असे मानले जाते. मौन म्हणजे संमती, ही म्हण येथे कायद्याने खरी केली आहे. म्हणून पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल क्रमांक कोणाचा आहे, हा कारकुनी तपशील राहत नाही. तो क्रमांक ज्याच्या खिशात, त्याच्या गप्प बसण्याने व्यापाऱ्याची संमती ठरते.

दुसरीकडे प्रॅक्टिशनरवरही नियमाने बंधन घातले आहे. विवरण काळजीपूर्वक तयार करावे आणि त्यावर स्वतःची डिजिटल सही करावी किंवा स्वतःच्या ओळखीने पडताळणी करावी. म्हणजे काम कोणी केले, याची नोंद राहते. प्रामाणिक सल्लागाराला ही नोंद अडचणीची वाटू नये. उद्या ग्राहकाने हात वर केले, तर आपण काय केले आणि काय केले नाही, हे दाखवायला त्याच्याकडे तीच असते.

डिजिटल सहीचे टोकन कोणाकडे असावे?

पासवर्डपेक्षाही गंभीर सवय एका छोट्या यूएसबी टोकनबाबत आहे. कंपन्या आणि एलएलपींना करविषयक अनेक कामांसाठी डिजिटल सही लागते. संचालकांची ही टोकन्स नावांची चिठ्ठी लावून सल्लागाराच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेली असतात आणि अनेकदा त्याच चिठ्ठीवर पिनही लिहिलेला असतो.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४२ नुसार आपली खासगी की स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची आणि ती उघड होऊ न देण्याची वाजवी काळजी घेणे हे सहीधारकाचे कर्तव्य आहे. कायद्याच्या दृष्टीने ही सही शाईच्या सहीइतकीच खरी आहे. सिन्नरच्या एखाद्या कारखानदाराला कोऱ्या चेकबुकावर सह्या करून ते दुसऱ्याकडे ठेवायला सांगितले, तर तो हसेल. टोकन आणि पिन देताना तो नेमके तेच करत असतो. फक्त ते टोकन चेकबुकासारखे दिसत नाही.

सल्लागारांची काही बाजू नाही का?

आहे, आणि ती समजून घ्यायला हवी. पासवर्ड मागणारा प्रत्येक सल्लागार काही लबाड नसतो. जीएसटीत मासिक विवरणे भरणाऱ्यांची ११ आणि २० तारीख दर महिन्याला येते. त्या दिवशी पोर्टल संथ असते आणि ग्राहक फोन उचलत नाही. माल गाडीत भरला जात असताना मालक ओटीपी वाचून दाखवायला मोकळा नसतो. लासलगावला लिलाव सुरू असताना व्यापाऱ्याला 'मेनूत जाऊन अधिकार द्या' असे सांगणे कागदावरच सोपे वाटते. उशीर झाला की विलंब शुल्क लागते आणि त्याचा दोष पुन्हा सल्लागाराच्याच माथी येतो.

शिवाय आयकरात अडचण खरीखुरी आहे. सीएला जोडले तरी त्याच्यापुढे येतात ते नेमून दिलेले फॉर्म, करदात्याचे संपूर्ण खाते नव्हे. पण चांगला सल्ला द्यायचा तर फॉर्म २६-एएस, नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालेले वार्षिक माहिती विवरण म्हणजे एआयएस, मागील विवरणपत्रे, थकबाकी आणि नोटिसा हे सगळे पाहावे लागते. जो सीए नाही, अशा वकिलासाठी किंवा कर व्यवसायीसाठी आयकर पोर्टलवर सीएंसारखे स्वतंत्र दालन नाही. त्याला ईआरआय होण्याचा खटाटोप करावा लागतो. परिणामी विचित्र स्थिती निर्माण होते. एकाच कार्यालयात बसलेल्या वाणिज्य पदवीधर सल्लागाराला जीएसटीसाठी स्वतःचे अधिकृत लॉगिन मिळते, पण त्याच ग्राहकाचे एआयएस पाहण्यासाठी मात्र ग्राहकाचा पासवर्ड मागावा लागतो. कायदा त्याला अधिकाऱ्यापुढे प्रतिनिधी म्हणून उभे राहू देतो, पोर्टल त्याला कागद पाहू देत नाही.

हे लक्षात घेतले तर 'पासवर्ड देऊ नका' एवढाच उपदेश करून सरकारला मोकळे होता येणार नाही. सरळ वाट अरुंद ठेवली की माणसे कुंपणावरून उडी मारतात. नंतर उडी मारणाऱ्याला दोष देऊन प्रश्न सुटत नाही.

इतर देशांनी काय केले?

अमेरिकेत दोन वेगळे अधिकार आहेत. 'फॉर्म २८४८' हे प्रतिनिधित्वाचे मुखत्यारपत्र आहे. त्यावर नेमलेला व्यावसायिक करदात्याच्या वतीने महसूल विभागाशी बोलू शकतो. 'फॉर्म ८८२१' मात्र केवळ माहिती पाहण्याची परवानगी देतो. दोन्हींत कोणता कर आणि कोणती वर्षे, हे नमूद करावे लागते. २०२१ पासून तेथील व्यावसायिक आपल्या ऑनलाइन खात्यातून अशी विनंती पाठवू शकतो आणि करदाता स्वतःच्या खात्यातून ती मंजूर करतो.

ब्रिटनमध्ये सल्लागारांसाठी स्वतंत्र 'एजंट' खाते आहे. ग्राहकाच्या लॉगिनने काम करू नये, अशी तेथील कर विभागाची भूमिका आहे. ऑस्ट्रेलियात २०२३ पासून एकल मालकी वगळता व्यवसाय क्रमांक असलेल्या सर्व संस्थांना नवा कर सल्लागार नेमताना ती नेमणूक आधी स्वतःच्या ऑनलाइन खात्यातून करावी लागते. सल्लागार परस्पर कोणालाही 'आपला ग्राहक' म्हणून जोडू शकत नाही. ओळख चोरून होणारी फसवणूक रोखणे हा त्यामागचा हेतू आहे.

भारतात हे शक्य आहे का?

शक्य आहे, किंबहुना त्याचे तुकडे येथे आधीच अस्तित्वात आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांखालील 'अकाउंट अॅग्रिगेटर' व्यवस्थेत ग्राहक कोणती माहिती, कोणाला, कशासाठी आणि किती काळ द्यायची हे ठरवतो आणि दिलेली संमती मागेही घेऊ शकतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये जीएसटी नेटवर्कलाही या व्यवस्थेत माहिती पुरवणारी संस्था म्हणून स्थान मिळाले. सातपूरच्या उद्योजकाला कर्ज हवे असेल, तर तो आपल्या जीएसटी विवरणपत्रांची माहिती या मार्गाने बँकेला मर्यादित काळासाठी दाखवू शकतो. बँकेला पासवर्ड द्यावा लागत नाही. मग जो सल्लागार हीच विवरणपत्रे वर्षानुवर्षे भरत आला, त्याला आयकराची माहिती दाखवण्यासाठी पासवर्ड का द्यावा लागावा?

ई-वे बिल पोर्टलवरही मालकाला 'सब-युजर' तयार करता येतात. गोदामातील कारकुनाला बिल तयार करण्यापुरते लॉगिन द्यायचे, बाकीचे नाही. १ एप्रिल २०२५ पासून तेथे सर्व करदात्यांसाठी दुहेरी पडताळणी सक्तीची झाली, तेव्हा ज्या व्यापाऱ्यांनी आधीच वेगवेगळे सब-युजर केले होते, त्यांना ओटीपीसाठी मालकाच्या मागे धावावे लागले नाही.

आयकर विभागाने या धर्तीवर तीन गोष्टी कराव्यात. पहिली, 'फक्त पाहण्याचा' अधिकार सुरू करावा, ज्यात सल्लागाराला एआयएस, २६-एएस, जुनी विवरणपत्रे आणि नोटिसा दिसतील, पण काही भरता किंवा बदलता येणार नाही. दुसरी, कलम २८८ ज्यांना प्रतिनिधी मानत होते आणि नवा कायदाही मानतो, त्या वकील व कर व्यवसायींनाही पोर्टलवर स्वतःचे दालन द्यावे. तिसरी, प्रत्येक अधिकाराला मुदत असावी आणि तो मोबाइलवरून काढून घेता यावा. सोबत, कोणी कधी काय पाहिले याची यादी करदात्याला मराठीत दिसावी. यातील एकही गोष्ट तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही.

सल्लागारांनाही यात स्वतःचे हित आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची कमाल मर्यादा त्यात आहे. छोट्या कार्यालयाला एवढा दंड होईल असे नाही. पण शेकडो ग्राहकांचे पॅन, आधार आणि पासवर्ड एका उघड्या फाइलमध्ये ठेवणे यापुढे फक्त गबाळेपणा मानला जाणार नाही. पासवर्ड जवळच नसेल, तर तो फुटण्याची जबाबदारीही अंगावर येत नाही.

तोपर्यंत करदात्याने काय करावे?

पोर्टल सुधारेपर्यंत थांबण्याची गरज नाही. पुढील कामे अर्ध्या तासात होतात.

• आयकर आणि जीएसटी, दोन्ही पोर्टलवरील आपला मोबाइल व ई-मेल तपासा. प्राथमिक संपर्क स्वतःचाच असावा. आयकर पोर्टलवर दुय्यम संपर्काची जागा आहे, सल्लागाराचा ई-मेल तेथे द्या. म्हणजे नोटीस दोघांनाही कळेल.

• सीए असेल तर 'माय चार्टर्ड अकाउंटंट'मधून, जीएसटीसाठी 'एंगेज' पर्यायातून आणि नोटिशीसाठी 'ई-प्रोसीडिंग'मधून सल्लागाराला रीतसर नेमा. सल्लागार जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदलेला आहे का, हे विचारण्यात संकोच करू नका.

• काही कारणाने पासवर्ड द्यावाच लागला, तर काम झाल्यावर तो बदला. विवरणपत्राची ई-पडताळणी स्वतः करा. त्यासाठी भरल्यापासून ३० दिवस असतात. पडताळणीआधी भरलेल्या विवरणपत्राची प्रत उघडून वजावटींचे आकडे वाचा. न केलेली देणगी, न भरलेले घरभाडे किंवा न घेतलेला विमा दिसला, तर तेथेच थांबा.

• डिजिटल सहीचे टोकन स्वतःकडे ठेवा. पिन कोणालाही सांगू नका.

• सल्लागार बदलताना आधी जुना अधिकार रद्द करा, पासवर्ड बदला, मगच नव्याला नेमा. जुन्याची फी बाकी असेल तर ती द्या. पासवर्ड अडवून धरणे जसे चूक, तसेच केलेल्या कामाचे पैसे बुडवणेही चूक आहे.

• परताव्याच्या टक्केवारीवर फी मागणाऱ्यापासून दूर राहा. विवरणपत्र भरण्याचे कष्ट परतावा पाच हजार असो की पन्नास हजार, साधारण तेवढेच असतात. टक्केवारी मागणाऱ्याचे हित परतावा फुगवण्यात असते.

नाशिकसारख्या शहरात करदाता आणि सल्लागार यांचे नाते अनेकदा दोन पिढ्यांचे असते. मुलाच्या शिक्षणापासून जागेच्या व्यवहारापर्यंत त्याला विचारले जाते. या नात्यात 'पासवर्ड देत नाही' म्हणणे अविश्वासाचे वाटेल, ही भीती खोटी नाही. पण वकीलपत्रावर सही करताना कोणी वकिलावर अविश्वास दाखवत नसतो. उलट, काय करायचे आणि कुठवर करायचे हे दोघांनाही माहीत असल्याने नाते टिकते. पुढच्या खेपेला फाइल घेऊन जाताना पासवर्डची चिठ्ठी घरी ठेवावी आणि सल्लागाराला त्याचा सदस्यत्व किंवा नोंदणी क्रमांक विचारावा. तो क्रमांक पोर्टलवर टाकायला पाच मिनिटे लागतात.